पेटीतला शब्द

रविवार दुपार, येत्या बुधवारी राख

प्रिय वन्सं,

सलाम. तुम्ही रागावला आहात हे पाकीट फोडायच्या आधीच कळलं, कारण तिकीट वाकडं चिकटवलंय. रागावा हो, हक्कच आहे तुमचा. पण माझीही बाजू ऐका. बुधवारी कपाळाला राख लागली की ईस्टरपर्यंतचा उपासकाळ सुरू, आणि वेदीवर घालायचं जांभळं कापड उंदरांनी खाल्लंय. मधोमध विणलेला क्रूस तेवढा ठेवला आणि भोवतीचं सगळं फस्त केलं. तुमचे दादा म्हणाले, उंदीर आपल्याच लूथरन पंथाचे असणार, क्रूसाला दात लावला नाही. तेव्हा गेले कित्येक दिवस मी शिलाई मशीनवरून उठलेली नाही. तोंडात टाचण्या आणि मांडीवर जांभळं कापड, पत्र कधी लिहू?

यंदाचे पाळकसाहेब नवे आहेत, तरुण आहेत, आणि सगळं त्यांना करायचंय. दर बुधवारी संध्याकाळी उपासना. मग मागच्या हॉलमध्ये सूप आणि पाव. मग मुलांचा धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीचा वर्ग, कारण ईस्टरनंतर त्यांचं दृढीकरण आहे, मंडळीचे पक्के सभासद होणार ती. आणि ज्यांना घराबाहेर पडवत नाही त्यांच्याकडे दोघादोघांनी सुपाचा डबा घेऊन जायचं, एक गाणं म्हणायचं, निघून यायचं. फार बसायचं नाही, हे पाळकसाहेबांनी बजावून सांगितलंय, कारण आमची मंडळी एकदा बसली की यजमानाला दिवा घालवायची सोय नाही.

आज सकाळी शब्द पेटीत ठेवला. पांढऱ्या कापडावर सोनेरी दोऱ्यानं भरलेला तो मोठा 'हालेलूया'. शेवटचं गाणं झालं, चौघांनी कापड उतरवून घडी घातली, तुमच्या दादांनी केलेल्या लाकडी पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. आता ईस्टरच्या सकाळपर्यंत हा शब्द कुणी म्हणायचा नाही, गायचा नाही. दरवर्षी मला माझा इथला पहिला उपासकाळ आठवतो. माझ्या माहेरच्या चर्चमध्ये शिंक आली तरी हालेलूया! सवयीनं मी इथे भर प्रार्थनेत मोठ्यांदा ओरडले. तुमच्या आईंनी पुढच्या बाकावरून मान वळवली आणि नुसतं बघितलं. मी जागच्या जागी वितळले. घरी येऊन रागावल्या नाहीत, एवढंच विचारलं, "तू जे म्हणालीस, याचा अर्थ काय?" मला सांगता आला नाही. इतकी वर्षं त्या प्रश्नोत्तरी शिकवतायत, आणि तिच्यात प्रत्येक धड्यानंतर हाच प्रश्न येतो, 'याचा अर्थ काय?' पोरांनी त्यांना उगाच नाही 'अर्थबाई' नाव ठेवलं.

आई बऱ्या आहेत. गुडघे दुखतात म्हणून आज पेटीच्या वेळी आल्या नाहीत. आत्ता झोपल्यात, म्हणून खाली त्यांची ओळ नाही. पुढच्या पत्रात घालते.

तुमची वहिनी


शुक्रवार, राखेच्या बुधवारनंतरचा

वहिनी,

उंदरांचं वाचून हसले. मग पत्राच्या शेवटाशी आले आणि हसू विरलं.

तू मला खुळी समजतेस काय? गुडघ्यांसाठी आई पेटी चुकवेल? अंगात ताप असताना ती गेलेली आहे. दादाच्या पाठीवर बसून गेली असती, पण गेली असती. मी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तू कोपऱ्यावरच्या दुकानात येऊन "झोपल्यात" म्हणालीस. आई दिवसा झोपत नाही. दिवसा झोपणं तिच्या मते पाप आहे, फक्त ते दहांपैकी कुठल्या आज्ञेखाली येतं एवढंच ठरायचं राहिलंय.

आणि ओळ. मी घर सोडल्यापासून एकही पत्र आईच्या ओळीशिवाय आलेलं नाही. फोन हा तिच्या मते आगीच्या बंबासाठी असतो, म्हणून जे काय मायेचं असेल ते त्या एका ओळीत. ती तरी काय असायची? "बुधवारी जातेस ना?" म्हणजे उपासनेला. बस. मी त्याचं उत्तर कधी दिलं नाही आणि तिनं विचारायचं कधी सोडलं नाही.

मी वॉर्डातली सिस्टर आहे, वहिनी. लपवणारे नातेवाईक रोज बघते. ते सगळे असेच उंदरांबद्दल बोलतात. काय झालंय ते लिही, आणि पाल्हाळ नको.

नणंद


उपासकाळातला पहिला मंगळवार

प्रिय वन्सं,

पकडलंत. बसून वाचा.

आईंना पक्षाघात झाला. मागचं पत्र लिहायच्या आधीच, माझ्या डोळ्यांदेखत. सकाळी टेबलाशी पाव कापत होत्या, सुरी हातातून निसटली, मी म्हटलं राहू द्या मी उचलते, आणि वर बघते तर चेहऱ्याची एक बाजू खाली आलेली. दवाखान्यात होत्या, आता घरी आणल्यात. उजवा हात, उजवा पाय उचलत नाही. खातात, बघतात, सगळं कळतं त्यांना. वाचा गेली.

नाही, सगळी नाही गेली. तेच तर सांगायचंय.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी छताकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हालेलूया." तुमचे दादा धाय मोकलून रडायला लागले. मला वाटलं, झालं, दार उघडलं वरचं, मी तिथेच गुडघ्यांवर बसले. आई आम्हा दोघांकडे अशा बघायला लागल्या की काय ही गाढवं पदरात पडलीत, आणि पुन्हा म्हणाल्या, "हालेलूया!" बोट खाटेखाली. बेडपॅन हवा होता त्यांना.

तेवढा एक शब्द उरला, वन्सं. चहात साखर जास्त झाली, नाक मुरडून हालेलूया. दादा बुटांची माती घेऊन आत आले, असा हालेलूया की ते उलट्या पावली बाहेर. पाय चेपले की हलकासा, लांबलेला. मी दिवसभर मनात त्यांचाच प्रश्न घोळवत असते, याचा अर्थ काय, याचा अर्थ काय. आता निम्म्याहून जास्त कळायला लागलं होतं.

तुम्हाला का कळवलं नाही, तर त्यांनीच अडवलं. मी तुम्हाला लिहायला बसले की डावा हात कागदावर दाबून धरायच्या आणि तोच शब्द, रागानं. मी समजले, पोरीला सांगू नकोस म्हणतायत. मग कुठल्या तोंडानं लिहू?

आता बुधवारचं ऐका. (आता मी तो शब्द लिहिणार नाही. वरचे लिहून झाले ते झाले, तुम्हाला समजायला हवं म्हणून लिहिले.) पाळकसाहेब राख घेऊन घरी आले. आईंच्या कपाळावर क्रूस काढला, आपण सगळे मातीचे आहोत ते सांगितलं. आईंनी त्यांचे आभार मानायला तोंड उघडलं, "हा" एवढं निघालंसुद्धा. तेवढ्यात त्यांची नजर मशीनवर पसरलेल्या जांभळ्या कापडावर गेली. डावा हात झटकन उचलला आणि स्वतःच्या तोंडावर दाबला.

तेव्हापासून हूं नाही की चूं नाही. आधी मला वाटलं, पुन्हा काही झालं. नाही. त्यांना कुठला काळ चालू आहे ते पक्कं ठाऊक आहे. बाईजवळ एकच शब्द उरला होता, आणि तोही त्यांनी पेटीत ठेवला.

पाळकसाहेब तसेच राखेचं भांडं धरून उभे, मी तशीच उभी. मला भीती वाटली, वन्सं. आजारी माणसाची वाटते तशी नाही. आपण केवढ्या बाईच्या घरात इतकी वर्षं भाकरी भाजतोय हे एकदम कळल्यावर वाटते तशी.

पण डॉक्टर म्हणतात, आवाज वापरात राहिला पाहिजे. आत्ता गप्प बसल्या तर आहे तेवढा शब्दसुद्धा जाईल, सांगता येत नाही. तुम्हीच सांगा आता मी काय करू.

तुमची वहिनी


सोमवार, उपासकाळाचा दुसरा आठवडा

वहिनी,

तुझं पत्र कपड्यांच्या खोलीत जाऊन वाचलं. बाहेर आल्यावर दुसऱ्या सिस्टरनं विचारलं, घरी सगळं ठीक ना. मी म्हटलं, आईनं तोंड बंद केलंय. ती म्हणाली, नशीबवान आहेस. तिला ठोसा मारावासा वाटला.

आधी रागावून घेते. मला तेव्हाच कळवायला हवं होतंस. आता झालं रागावून.

आणि तू सपशेल चुकलीस. आई तुला लिहू नको म्हणत नव्हती. ती कागद मागत होती! तुझं पत्र संपायच्या आधी कागद ओढून घ्यायची तिची सवय विसरलीस? तिला तिची ओळ लिहायची होती. डाव्या हातात पेन्सिल दे.

डॉक्टर म्हणतात ते खरं आहे. तिला बोलायला लाव. लाडीगोडीनं लाव, नाहीतर भांडून लाव. आमच्या वॉर्डात मी पाहिलंय, बोलणं गेलेली माणसंही पाठ केलेलं म्हणतात. गाणं, अंक, प्रार्थना, शिव्यासुद्धा. आयुष्यभर घोकलेलं कुठेतरी वेगळ्या कप्प्यात राहतं. ते तिच्यासमोर पुन्हापुन्हा म्हणा. सुट्टी मला ईस्टरनंतरच मिळेल, दोन सिस्टर आजारी आहेत. तोवर तूच माझे हातपाय.

पाळकसाहेबांना सांग, नियम माणसासाठी असतो. तिला सांगू देत की तू म्हण, खुशाल म्हण, सरळ म्हण

बघ, इथे मी तो शब्द लिहिणार होते. पेन टेकवलं आणि पुढे सरकेना. मी कित्येक वर्षांत चर्चची पायरी चढले नाही, वहिनी, आणि उपासकाळात मलासुद्धा तो लिहवत नाही. मग तिच्याकडून कसला म्हणवणार तुम्ही.

नणंद


गुरुवार, उपासकाळाच्या मध्यावर

प्रिय वन्सं,

सगळे उपाय झाले. तुमच्या दादांनी मुद्दाम माती भरलेले बूट घालून खाटेपर्यंत चालत जाऊन पाहिलं. आईंनी बुटांकडे बोट केलं, मग दाराकडे, मग फडक्याकडे. जमीन पुसून घेतली त्यांच्याकडून, चकार शब्द न काढता.

पाळकसाहेब आले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आजी, नियम आम्हा धडधाकटांना. तुम्हाला सूट आहे. देव रागावणार नाही." आईंनी त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांच्या हातावर थोपटलं, लहान मुलाला थोपटावं तसं, आणि मान हलवली. नाही. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "मी उपासकाळावर पाच प्रवचनं लिहून ठेवली होती, ती आता फाडावीशी वाटतात." मी म्हटलं, फाडू नका, पण लहान करा.

मग तुमचा तो पाठांतराचा कप्पा आठवला. मी पाळकसाहेबांना म्हटलं, बुधवारचा मुलांचा वर्ग हॉलमध्ये कशाला, आमच्याकडे घ्या. नाहीतरी आमच्याकडे सुपाचा डबा घेऊन कुणीतरी यायचंच. आधी आईंना ते भारी लागलं होतं. जन्मभर दुसऱ्यांकडे डबा घेऊन गेलेली बाई, स्वतःच्या दाराशी डबा आला तर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. आता डब्यामागून पोरांचा घोळका आला. खाटेभोवती, मशीनवर, खिडकीत, जागा मिळेल तिथे बसली. एक जण ओरडतो, "याचा अर्थ काय?" आणि बाकीचे उत्तर म्हणतात. उत्तर कुणाला नीट येत नाही, पण उत्तराच्या शेवटी "हे अगदी खरं आहे" येतं ना, ते सगळ्यांना येतं. तिथे पोचले की छप्पर उडतं.

पहिल्या बुधवारी आई डोळे मिटून होत्या. वेणीवाल्या मुलीनं एक ओळ गाळली, आणि ठक्! आईंनी डाव्या हाताच्या बोटानं खाटेच्या लाकडावर ठोकलं. मुलगी थांबली, मागे गेली, गाळलेली ओळ म्हणाली. आईंनी डोळे उघडलेच नाहीत. तेव्हापासून चुकलं की ठक्. पोरं घाबरतात आणि मुद्दाम चुकतातही. अर्थबाईंचा वर्ग चालू आहे, वन्सं, फक्त बाई बोलत नाहीत. पोरं प्रश्न विचारतात तेव्हा ओठ हलतात त्यांचे. आवाज येत नाही. मी शिवता शिवता बघत असते आणि माझा दोरा दर वेळी तुटतो.

आता ओळीचं. तुमचं बरोबर होतं, मी चुकले. पेन्सिल डाव्या हातात दिली, पाटीवर कागद लावून पुढे धरला. केवढा आनंद त्यांच्या डोळ्यांत! जिभेचं टोक बाहेर काढून, घाम येईपर्यंत, फार वेळ लावून लिहिलं. बघितलं तर अक्षर एकही नाही. नुसती एक रेघ आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, थोडी वर चढत गेलेली. मला रडू आवरेना. मग म्हटलं, वेडे, रडतेस काय? ओळ मागितली होती, ओळच दिलीय त्यांनी.

खाली आहे बघा.

तुमची वहिनी

________________________________


मंगळवार, झावळ्यांच्या रविवारआधीचा, ईस्टर तोंडावर

वहिनी,

ओळ मिळाली. मी ती वाचली. खरं सांगते, मला ती वाचता आली. आणि गेल्या बुधवारी ड्यूटी संपवून मी आमच्या दवाखान्यामागच्या चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसले. तिथे मला कुणी ओळखत नाही. सगळे जांभळ्या कापडाकडे तोंड करून बसले होते आणि गाण्यात जिथे तो शब्द असायचा ती जागा मोकळी होती. आईनं केवढी मोठी जागा मोकळी ठेवलीय ते मला तिथे बसून कळलं. तिला सांग, बुधवारी गेले होते.

आता एक मागणं आहे. ईस्टरला तिला चर्चमध्ये नेऊ नकोस.

तुझ्या डोळ्यांसमोर काय आहे ते मला दिसतंय. पेटी उघडणार, आई तोंड उघडणार, आणि शब्द बाहेर येणार. वहिनी, मी हे काम करते. इतके दिवस न वापरलेलं परत येतंच असं नाही. तो शब्द गेलेला असू शकतो. त्या दिवशी भरल्या चर्चमध्ये, जिथे तिनं अख्ख्या गावाला बोलायला शिकवलं, तिथे ती तोंड उघडेल आणि काहीच येणार नाही. सगळे बघत असतील. मग ती पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. घरात करून बघा. दार लावून, तुम्ही तिघंच.

तुझ्या पाया पडते.

नणंद


ईस्टरनंतरचा सोमवार

प्रिय वन्सं,

तुमचं ऐकलं नाही. आता सगळं सांगते, शेवटपर्यंत वाचल्याशिवाय शिव्या घालू नका.

मी ऐकणारच होते. शुक्रवारी दुपारी मी एकटीच निघाले चर्चला. आईंनी माझ्या बाहीचा काठ धरला तो सोडेनात. तुमच्या पत्रात शुक्रवारचं काही नव्हतं, म्हणून म्हटलं चला. दादांनी चाकाच्या खुर्चीत बसवून नेलं. खिडक्यांना काळं कापड लावलं होतं, वेदी उघडी केलेली, मेणबत्त्या एकेक करून विझवत होते. शेवटची विझली आणि कुणी बोलेना. उत्तम शुक्रवारी, ख्रिस्ताच्या मरणाच्या दिवशी, तसंच असतं, कुणीच बोलत नाही, उठायचं आणि गुपचूप घरी जायचं. मी आईंकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या वेगळ्या दिसत नव्हत्या. अख्खी मंडळी त्यांच्यासारखी झाली होती. पाळकसाहेब, पोरं, तोंडाळ दाणेवाला, तुमचे दादा, मी, सगळ्यांची वाचा गेलेली. माणसं बाहेर पडताना त्यांच्या खुर्चीपाशी थांबायची, खांद्याला हात लावायची, पुढे जायची. एवढं मोठं काही मी त्या इमारतीत कधी पाहिलं नव्हतं. घरी येऊन मी ठरवलं, यांना ईस्टरला घरात कोंडायचं नाही. काय व्हायचं ते आपल्या माणसांत होऊ दे.

ठरवलं खरं, पण रविवारी पहाटे आईंचे केस विंचरताना फणी दोनदा पडली. त्या मात्र शांत. पांढरा रुमाल काढून ठेवला होता कधीचा, तो डाव्या हातात घट्ट धरला.

चर्च गच्च भरलेलं. जांभळं कापड गेलं, वेदीवर पांढरं आलं, तेही मीच शिवलंय, सांगून ठेवते. दादांनी पेटी आणली, झाकण काढलं, चौघांनी कापड उलगडून वर चढवलं. सोनेरी अक्षरं उजेडात आली. पाळकसाहेब मोठ्यांदा म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे!" आम्ही म्हणालो, "तो खरोखर उठला आहे!" आणि याच्या पुढचा तो शब्द, वन्सं.

कुणी म्हटलाच नाही.

ठरलेलं नव्हतं हो काही. मी कुणाला एका शब्दानं बोलले नव्हते. पण सगळी मंडळी तिथेच थांबली, आणि सगळ्या माना आईंकडे वळल्या. आधी त्यांनी म्हणावा म्हणून. तुमचं पत्र डोळ्यांसमोर अक्षर न् अक्षर दिसलं. आईंनी तोंड उघडलं.

काही आलं नाही.

पुन्हा उघडलं. ओठ थरथरले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, नुसती हवा. रुमालाची मूठ गुडघ्यावर आपटली एकदा. मी मनात म्हटलं, संपलं, तुमची मुलगी बरोबर होती, मीच वेडी. आता मी म्हणून टाकू का? मी म्हटला तर सगळे म्हणतील आणि आई मागे राहतील. नाही म्हटला तर ईस्टर तिथेच अडकून पडतोय. एवढ्या वर्षांनी पुन्हा त्याच शब्दापाशी मी मुकी उभी.

तेवढ्यात आईंची नजर पुढच्या बाकावरच्या पोरांवर गेली. ती बुधवारची सगळी पोरं, नवे कपडे घालून, आ वासून बघत बसलेली. आईंची पाठ सरळ झाली. भुवई वर गेली, ती त्यांची वर्गातली भुवई, तुम्हाला ठाऊक आहे. आणि वर सोनेरी अक्षरांकडे डावा हात करून, त्यांच्या स्वतःच्या आवाजात, थांबत थांबत पण सगळ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाल्या:

"याचा... अर्थ... काय?"

वन्सं, माझ्या अंगावर काटा आला तो आत्ता लिहिताना पुन्हा आलाय. तीन शब्द! कुठून आले? आम्ही एका शब्दाची वाट बघत होतो आणि दुसरेच तीन आले. मग ती वेणीवाली मुलगी ताडकन उभी राहिली, वर्गात उत्तर द्यायला उठतात तशी, आणि ओरडली, "हालेलूया!" मग सगळी पोरं. मग सगळं चर्च. दाणेवाला, पाळकसाहेब, दादा रडत रडत, आणि मी, माझ्या माहेरच्या आवाजात, अगदी माहेरच्या! कुणी माझ्याकडे वळून बघितलं नाही. आई हसत होत्या, एका बाजूनं वाकडं, आणि बोटानं खुर्चीच्या दांड्यावर ठोकत होत्या. बरोबर, बरोबर, बरोबर.

बाजा सुरू झाला. गाण्यात तिसऱ्यांदा तो शब्द आला तेव्हा माझ्या शेजारून एक बारीक, चिरका, सुरात नसलेला आवाज आला. पेटीतून निघालेला शब्द. गेला नव्हता तो.

तेव्हा आता आमच्याकडे एकूण चार शब्द आहेत. पण आई तीनच वापरतात. सकाळपासून चहाकडे बघून याचा अर्थ काय, दादांच्या बुटांकडे बघून याचा अर्थ काय, मी हे पत्र लिहितेय तर कागदाकडे बघून याचा अर्थ काय. इतकी वर्षं गेली, मला अजूनही उत्तर नीट येत नाही. उद्या त्यांना दुकानात नेते आणि तुम्हाला फोन लावते. आगीचा बंब म्हणा हवं तर. पत्र आधी पोचतं की फोन, बघू.

तुमची वहिनी

________________________________


गुरुवार, ईस्टरच्या आठवड्यात

वहिनी,

शिव्या घालत नाही. तू बरोबर होतीस, मी चूक, हे लिहून देते, कोपऱ्यावरच्या दुकानात चिकटव हवं तर. शनिवारी येतेय. सुट्टी मंजूर झाली, डॉक्टरांनी कारण विचारलं, मग माझं तोंड बघून सही केली.

हे पत्र आईसाठी आहे. तिला समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखव.

परवा फोन आला तेव्हा मी वॉर्डाच्या मधोमध उभी होते. आधी तुझा आवाज, मग खरखर, मग श्वास. आईचा श्वास मी ओळखला. आणि मग तिनं विचारलं. तोच प्रश्न, लहानपणी ज्याला घाबरून मी टेबलाखाली लपायचे. मी तोंड उघडलं आणि माझीच वाचा बसली, वहिनी. हातात थर्मामीटर, बाजूला सगळे रुग्ण उठून बसलेले, आणि तीन शब्दांना मला एक शब्द देता येईना. तू तिकडून हॅलो हॅलो करत होतीस. फोन कापला गेला.

ती वाट बघत असेल. उत्तराशिवाय ती कुणाला जागेवर बसू देत नाही.

आई, मला येतं उत्तर. सगळं नाही, शेवट येतो. जिथे आम्ही पोरं छप्पर उडवायचो तो.

हे अगदी खरं आहे.